चुकीला पनीर

दिनकर आगाशे यांची ‘च्च’ लखनऊच्या आशियाना कॉलनीत दूधवाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांना ठाऊक होती. तशी साधीच. जीभ टाळूला लावून सोडायची, आपण सगळेच करतो. पण आगाशेंच्या च्चला असा काही कोरडा कडाका होता की उतू जायला निघालेलं दूध ती ऐकून मुकाट्याने खाली बसे. नोकरीत असताना ते रेल्वेच्या संशोधन संस्थेत रुळांचे जोड तपासायचे. यंत्राने पास केलेला जोडही ते हातोडीने ठोकून, कान लावून ऐकत आणि नापसंत पडला की च्च करत. एकदा म्हणे ते चारबागच्या फलाटावर कुणाला तरी पोचवायला गेले होते. चहा पाणचट निघाला म्हणून त्यांनी च्च केली, तर पलीकडे सुटलेल्या गाडीच्या ड्रायव्हरने करकचून ब्रेक लावले. त्याला वाटलं, खाली काहीतरी तुटलं. सगळी गाडी तपासली, काही सापडेना. आगाशे म्हणाले, नीट बघा, असणार. शेवटी गार्डाच्या डब्याच्या पायरीचा एक स्क्रू सैल निघाला, तेव्हा कुठे त्यांचा चेहरा निवळला.

निवृत्तीनंतर रूळ गेले, जोड गेले, च्च तेवढी राहिली. आता ती घरातल्यांवर चाले. पोळीला पापुद्रा सुटला नाही, च्च. पेपरची घडी उलटी पडली, च्च. पत्नी सुनीतीबाई होत्या तोवर त्या “कळलं हो” म्हणून पुढच्या कामाला लागत. त्या वारल्या आणि त्यांच्याबरोबर घरातली मराठीही गेली. मुलगा अद्वैत आता चाळिशीला आलेला. बापाचं मराठी अक्षर न् अक्षर त्याला समजे, पण उत्तर तो हिंदीत देई. सून पारुल ही चौकातल्या चिकनच्या व्यापाऱ्यांची लेक. हे चिकन खायचं नसून अंगावर घालायचं असतं, ही गोष्ट सांगलीच्या नातेवाइकांना पटवण्यात लग्नाचे दोन्ही दिवस गेले होते. नात मुक्ता सहा वर्षांची, तिची जीभ आईबापांच्या वळणावर गेलेली.

दिनकररावांची या जगात एकच इच्छा उरली होती. अद्वैतने आपल्याशी मराठीत बोलावं. व्याख्यान नको होतं त्यांना, ‘बाबा, जेवायला चला’ एवढं पुरलं असतं. पण रोज “बाबा, खाना लग गया” असा आवाज यायचा आणि पानावर बसायच्या आधीच त्यांना घास अडकायचा. याला जबाबदार कोण, तर शाळा, लखनऊचं पाणी, सुनीतीबाईंनी केलेले लाड आणि पारुल. अद्वैत हिंदीत शिरला तेव्हा पारुल चौकातल्या घरी अजून बोबडं बोलत होती, पण दिनकररावांच्या हिशेबात त्याने फरक पडत नव्हता.

खरी गोष्ट शहरातल्या जुन्या मराठी मंडळींना माहीत होती. अद्वैत आठ वर्षांचा असताना मंडळाच्या गणपतीत गोष्ट सांगायला स्टेजवर उभा राहिला. “एका जंगलात एक मोठा झाड होता,” अशी त्याने घसा साफ करून सुरुवात केली. हिंदीच्या जगाचं ‘तो’ आणि ‘ती’ एवढ्यावर भागतं. मराठीला ‘ते’ अशी आणखी एक पायरी आहे आणि लखनऊच्या पोरांचा पाय नेमका तिथेच घसरतो. पहिल्या रांगेतून च्च आली. माइक स्टेजवर होता, दिनकररावांकडे नव्हता, तरी मंडपाच्या टोकाला निजलेली तान्ही पोरं रडत उठली म्हणतात. अद्वैत थांबला. त्या जंगलात त्या झाडाच्या पलीकडे काय होतं, ते आजतागायत कुणाला कळलेलं नाही. तो खाली उतरला आणि आईला म्हणाला, “घर चलो.” तिथून पुढे हिंदीच.

दिनकररावांना त्या संध्याकाळचं एवढंच आठवत होतं की पोराने झाड पुल्लिंगी केलं होतं.

त्यात आता चिनहटचं निघालं होतं. अद्वैतचा कारखाना चिनहटला, आशियानाहून शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. जाण्यायेण्यात त्याचा जीव मेटाकुटीला यायचा. तिकडे एक घर पाहून ठेवलं होतं आणि एजंटाचे फोन यायचे. नवराबायको स्वयंपाकघरात हळू आवाजात बोलत आणि दिनकरराव पाणी प्यायला आत आले की बोलणं एकदम भाजीवर येई. त्यांनी कधी विचारलं नाही. विचारलं तर उत्तर येणार हिंदीत, आणि एकटं पडण्याची बातमी तरी आपल्या भाषेत मिळावी, असं त्यांना वाटे.

अशा घरात रेवडी आली.

मुक्ताच्या हट्टापायी अद्वैतने आणलेलं ते पिल्लू गुळाच्या रंगाचं होतं आणि अंगभर तिळाएवढे पांढरे ठिपके, म्हणून मुक्ताने नाव ठेवलं रेवडी. मराठीत रेवडी पाळत नाहीत, उडवतात, असा विनोद दिनकररावांनी करून पाहिला. तो पारुलला समजावून सांगता सांगता मेला.

अद्वैतने मोबाइलवर व्हिडिओ पाहून शिकवण्याची पद्धत उचलली होती. अंगठ्याएवढी एक प्लॅस्टिकची डबी. दाबली की टिक् वाजते. पिल्लाने सांगितलेलं केलं की त्याच क्षणी टिक्, आणि टिक् वाजली की पनीरचा तुकडा. टिक् म्हणजे ‘हेच, आत्ता केलंस ते बरोबर’. टिक् झाली आणि पनीर मिळालं नाही, असं कधी होऊ द्यायचं नाही. आणि टिक् होईपर्यंत पिल्लाने समोरच्या तुकड्याला तोंड लावायचं नाही, हाही एक धडा. चुकीला मात्र काहीच नाही. मारणं नाही, ओरडणं नाही, चुकीकडे बघायचंसुद्धा नाही.

दिनकररावांनी आयुष्यभर नेमकं याच्या उलट केलं होतं. बरोबर जोडाकडे त्यांनी कधी ढुंकून पाहिलं नव्हतं.

“अरे, पण चूक झाली हे तिला कळणार कसं?” त्यांनी विचारलं.

“नहीं पता चलेगा, बाबा,” अद्वैत पनीर चिरता चिरता म्हणाला. “ग़लती अपने आप छूट जाती है.”

दिनकररावांनी च्च केली.

सोफ्याखालून रेवडी बाणासारखी सुटली, त्यांच्या पुढ्यात येऊन टुणकन बसली आणि त्यांच्या तोंडाकडे आशेने बघू लागली.

त्या दिवशी सगळे हसले. पण पुढे घरात जे झालं ते हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. रेवडीने दिवाणखान्यातल्या गालिच्यावर मुतलं, दिनकररावांनी च्च केली, रेवडीला वाटलं शाब्बास. मुक्तालाही डबीच वाजली असं वाटलं आणि तिने धावत येऊन पनीर दिलं. झालं. रेवडी मग त्या गालिच्यावर नेमाने, दिनकररावांच्या खुर्चीसमोर, त्यांच्याकडे बघत बघत मुतू लागली. चप्पल कुरतडली, च्च. पेपर फाडला, च्च. आगाशेंच्या हाताखाली कुणी इतकं मन लावून शिकल्याचं हे पहिलंच उदाहरण. शेजारचे श्रीवास्तव शपथेवर सांगत की रेवडी त्यांच्याकडची चप्पल उचलून घरी नेई, तिथे कुरतडे आणि शाळेतला गृहपाठ दाखवावा तशी दिनकररावांच्या पायाशी ठेवी.

अद्वैतने मग परीक्षा घेतली. एका खोलीत त्याने डबी वाजवली, दुसऱ्या खोलीत बापाला च्च करायला सांगितली. रेवडी मधल्या पॅसेजमध्ये भोवऱ्यासारखी फिरत राहिली, तिला फरकच कळेना. अद्वैत भिंतीला टेकून पोट धरून हसला. आपला मुलगा हसताना असा दिसतो, हे दिनकरराव विसरून गेले होते.

हसणं ओसरल्यावर तो म्हणाला की घरात च्च बंद ठेवावी लागेल, निदान रेवडी शिकेपर्यंत. एकाच रुळावर दोन सिग्नल चालायचे नाहीत. माणसासाठी दिनकररावांनी ती कधी बंद केली नसती, आणि खरं तर कुणी तसं म्हटलंही नव्हतं. पण चुकीचा सिग्नल म्हणजे काय हे त्यांना सांगायची गरज नव्हती. ते कबूल झाले.

कबूल होणं सोपं, जीभ आवरणं अवघड. त्यांनी उपाय काढला लवंगेचा. सकाळी उठल्यापासून जिभेखाली एक लवंग, तिचा चोथा झाला की दुसरी. जीभ लवंग सांभाळण्यात गुंतलेली असली की टाळूकडे जायची नाही. त्या उन्हाळ्यात आगाशेंच्या घरात इतकी लवंग खपली की चौकात भाव चढला. पारुलच्या वडिलांनी मुद्दाम फोन करून विचारलं, समधीजींकडे, म्हणजे व्याह्यांकडे, कुणाचं लग्न निघालंय का, बिर्याणीचा बेत आहे का, आणि असेल तर आम्हाला का सांगितलं नाही.

आणि लवंगेबरोबर घर बदललं. दुपारची शिकवणी दिनकररावांकडे होती. ते एक हात पाठीमागे बांधून, डबी हातात घेऊन अंगणात उभे राहत आणि रेवडीला अर्थातच मराठीत शिकवत. ये. थांब. सोड. बस. यातल्या ‘बस’ने थोडा गोंधळ केला, कारण लखनऊमध्ये बस म्हणजे पुरे. पारुल दारात भाजीवाल्याला “बस भैया, बस” म्हणाली की रेवडी आज्ञा समजून मटकन बसे. अख्ख्या कॉलनीतली कुत्री इंग्रजीत शिकलेली, एकटी रेवडी मराठी माध्यमाची.

मुक्ताला तर कुत्रीशी बोलायचंच होतं, तेव्हा तिनेही मराठी उचलली. कुणी अडवत नव्हतं, म्हणून बोलतच सुटली. “आजोबा, रेवडीची नाक ओली आहे.” “आजोबा, रेवडीने सगळा दूध सांडला.” दिनकररावांच्या तोंडात लवंग डोंबाऱ्याच्या पोरासारखी कोलांट्या घेई, पण आवाज येत नसे. एकदा मुक्ताने आग्रह धरला की आजोबांनी रेवडीला तोंडाने शाब्बास म्हणावं. दिनकरराव म्हणाले, “डबी वाजवली की.” ती म्हणाली, तरी म्हणा. त्यांनी ओठ हलवून पाहिले. शब्द लवंगेशी अडखळला, म्हणून त्यांनी पनीरचा तुकडा दुप्पट केला.

अद्वैत संध्याकाळी कारखान्यातून येऊन अंगणाच्या पायरीवर बसू लागला. नुसता ऐकत असे. एकदा रेवडीने त्याचा मोजा धरला, तेव्हा त्याच्या तोंडून गेलं, “सोड.” तिने सोडला. “शाब्बास,” तो म्हणाला, कुत्रीला, बापाकडे पाठ करून. दिनकररावांनी ते दोन शब्द खिशातल्या नोटेसारखे रात्रीपर्यंत पुन्हा पुन्हा चाचपून पाहिले. माणसाशी नव्हे, पण या घरात, या आवाजात, मराठी. एजंटाचे फोनही कमी झाल्यासारखे वाटत होते. किंवा आता त्यांचं तिकडे लक्ष नसे.

मग तो रविवार आला.

सकाळची वेळ. पारुल आत कचोऱ्यांचं काहीतरी करत होती, मुक्ता आणि रेवडी अंगणात. दिनकररावांपुढे चहा होता. चहाला लवंगेची चव लागते म्हणून त्यांनी ती तोंडातून काढून बशीच्या काठावर ठेवली. अद्वैत आला आणि नेहमीच्या खुर्चीत न बसता समोर येऊन बसला. हातात मोबाइल नव्हता. दाढी घोटून केलेली, सदरा इस्त्रीचा. त्याने घसा साफ केला. तसं घसा साफ करणं दिनकररावांनी पूर्वी एकदा कुठेतरी ऐकलं होतं, पण कुठे ते आठवेना.

“बाबा,” तो म्हणाला.

आणि थांबला. दिनकररावांनी कप बशीत ठेवला.

“बाबा, मी चिनहटचा घर–”

मराठीत क्रियापद शेवटी येतं. घेणार की नाही घेणार, जाणार की राहणार, सगळं शेवटच्या डब्यात बसलेलं असतं. तेवढा एक डबा यायचा होता.

च्च.

दिनकररावांनी ती केली नाही. जिभेने केली. सगळ्या उन्हाळ्याची साठलेली होती, अशी लख्ख उडाली की कप बशीत किणकिणला.

अंगणातून रेवडी धावत आली, दोघांच्या मध्ये बसली आणि शेपूट जमिनीवर आपटू लागली.

अद्वैतचं तोंड उघडंच राहिलं होतं. क्रियापद आत दिसत असावं इतकं उघडं. मग ते मिटलं.

“कुछ नहीं, बाबा,” तो म्हणाला. “चाय पी लीजिए, ठंडी हो रही है.”

तो उठला आणि फाटकापाशी गेला. दिनकररावांच्या कानांनी आयुष्यभर पोलादातली केसाएवढी चीर ऐकली होती, फाटक तर चार पावलांवर होतं. अद्वैत फोनवर बोलत होता. “हाँ भाईसाहब, नमस्ते. वो सवेरे आपको मना किया था न, चिनहट वाले मकान के लिए... जी. नहीं, वो मुझसे ग़लती हो गई थी. ले रहे हैं. हाँ, पक्का.”

पारुल स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हाताला पीठ. ती मध्ये कधी बोलल्याचं दिनकररावांना आठवत नव्हतं.

“रात से रट रहे थे, बाबूजी,” ती म्हणाली. “शीशे के सामने. मैंने ही कहा था, बताना है तो मराठी में बताइए, बाबूजी को अच्छा लगेगा. ग़लत था तो मैं कैसे पकड़ती, मुझे तो आती नहीं.”

दिनकररावांनी तिच्याकडे पाहिलं. काहीतरी बोलणं भाग होतं. त्यांच्या तोंडून जे निघालं ते असं:

“घर नपुंसकलिंगी आहे.”

पारुलला शब्द कळला नाही, चेहरा कळला. ती आत गेली. कचोरी करपल्याचा वास आला, आणि आज त्यावर कुणी च्च केली नाही.

दसऱ्याच्या आधी ट्रक आला. सामान चढवून झालं तेव्हा मुक्ता रेवडीच्या गळ्यात पडून हुंदके देत होती, कारण रेवडी इथेच राहायची होती. अद्वैतने पट्टा बापाच्या हातात दिला. डबी त्याने खिशात ठेवली होती ती काढली, पाहिली आणि तीही देणार होता, मग परत खिशात टाकली.

“इसकी आपको ज़रूरत नहीं,” तो म्हणाला. “रेवड़ी को आप ही रखिए, बाबा. पूरे घर में एक यही है जो आपकी च्च सुनकर ख़ुश होती है.”

चिडून म्हणाला असता तर बरं होतं. तो हवापाण्यावर बोलावं तसं म्हणाला. मग वाकून पाया पडला आणि पुढच्या सीटवर चढून बसला.

लवंगेचा डबा कपाटात गेला. आता अडवणारं कुणी नव्हतं, दिनकरराव मोकळेपणाने च्च करत. नळ ठिबकतो, च्च. वीज गेली, च्च. आणि प्रत्येक च्चला रेवडी येऊन पुढ्यात बसे आणि तिला पनीर द्यावं लागे, कारण तसा करार होता आणि तो मोडायचा नसतो. गल्लीच्या तोंडाशी असलेल्या डेअरीवाल्याने म्हणे त्यांच्या एकट्यासाठी म्हैस वाढवली. रेवडी इतकी रुंद झाली की फाटकाचं एक दार तिला पुरेना.

रविवारी चिनहटहून फोन यायचा. अद्वैत तब्येत विचारायचा, हिंदीत, आणि फोन मुक्ताकडे द्यायचा. अशाच एका रविवारी ती म्हणाली, “आजोबा, तुम्ही रेवडीला खूप पनीर देता. रेवडीचा पोट दुखत नाही का?”

दिनकररावांनी जीभ दातांखाली धरली. इतकी घट्ट की डोळ्यांत पाणी आलं. च्च आली नाही. पहिल्यांदाच लवंगेशिवाय आली नाही. आता तिथे दुसरं काहीतरी बोलायला हवं होतं. पोरगी चिनहटला राहून, जिथे मराठीचं चिटपाखरू नाही तिथे, अजून मराठीत विचारते आहे. यावर माणसं काहीतरी म्हणतात, असा एक शब्द असतो, मुक्ताने एकदा तो म्हणायलाही सांगितला होता. ते शोधू लागले. पण बरोबर जोडाला काही म्हणायचं नसतं, पुढच्या जोडाकडे जायचं असतं. सगळी नोकरी तशीच झाली होती, संसारही.



“हैलो? आजोबा?” मग पलीकडे कुणाला तरी, “पापा, आवाज़ नहीं आ रही.”

“कट गया होगा,” अद्वैतचा आवाज आला. “रहने दो.”

फोन खरंच बंद झाला. दिनकररावांनी जीभ सोडली. तिला लवंगेचा नाही, रक्ताचा स्वाद होता. रेवडी खुर्चीसमोर बसून त्यांच्या तोंडाकडे बघत होती. त्यांनी वाटीतून पनीरचा तुकडा घेतला आणि तिच्या पुढ्यात ठेवला. तिने तुकड्याकडे पाहिलं, पुन्हा त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. लाळ गळत होती, पण ती हलली नाही. आवाज झाल्याशिवाय तोंड लावायचं नाही, हा धडा अद्वैतने तिच्याकडून पक्का करून घेतला होता.

“खा,” दिनकरराव म्हणाले. “खा गं.”

हे शब्द तिला कुणी शिकवले नव्हते. ती वाट बघत राहिली.

ऊन खुर्चीच्या पायापाशी आलं. पनीरचा तुकडा कडेने वाळू लागला. दिनकररावांनी दोनदा ओठ उघडले, दोनदा मिटले. शेवटी त्यांना च्च करावीच लागली.